गोळे फुटण्याबाबत

आमच्या बी विंगमधले मेश्राम काका बातमी वाचत नाहीत. बातमीखाली लोकांनी काय लिहिलंय, तेवढंच वाचतात. पाककृतीचा व्हिडिओ असेल, तर बाई काय शिजवतेय हे कळायच्या आत त्यांचा अंगठा स्क्रीनवर सरकायला लागतो आणि खालच्या प्रतिक्रिया दिसल्या की थांबतो. पाण्याची टाकी धुण्याचा व्हिडिओ असो की मधुमेहावरचा लेख असो, काका थेट तळाशी जातात. कुणी विचारलंच तर म्हणतात, "वरचं सोडा हो. वर सगळे शहाणे असतात. माणूस खाली असतो."

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माणूस दमलाय. तसा तो दमलेला होताच. मेश्राम काका एका सरकारी कार्यालयात आवक विभागाच्या खिडकीवर बसतात. लोकांचे अर्ज घ्यायचे आणि त्यावर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. अर्जाचं पुढे काय होतं हे सांगणं त्यांचं काम नाही, आणि खिडकीपलीकडच्या माणसाला नेमकं तेवढंच हवं असतं. त्यामुळे दिवसभर काका "वर पाठवलंय", "वर आहे", "वरून आलं की कळेल" एवढी तीनच वाक्यं बोलतात. संध्याकाळी विश्रांतवाडीत उतरतात तेव्हा त्यांच्याकडे बोलण्यासारखं काही उरलेलं नसतं.

माझीही अवस्था फार वेगळी नाही. मी एका विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारण्याचं काम करते. पदाचं नाव वेगळं आहे. घरी आल्यावर चहाचा कप घेऊन खाली पार्किंगजवळच्या बाकावर बसायचं आणि मोबाइलवर काहीतरी बिनकामाचं वाचायचं, ही माझी दिवसातली एकुलती एक चैन. मला कोकणातली विकाऊ घरं वाचायला आवडतात. घ्यायची नाहीत. विहीर आहे का, आंब्याची कलमं किती, मालक का विकतोय, एवढं कळलं की माझं डोकं शांत होतं. बाकामागच्या भिंतीवर आमच्या सेक्रेटरींनी पाटी लावली आहे : 'हा बाक बसण्यासाठी आहे. इतर वापर आढळल्यास बाक काढून घेण्यात येईल.' इतर वापर म्हणजे कोणता, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

मेश्राम काकांच्या फ्लॅटमध्ये मोबाइलला रेंज येत नाही. बाकावर भरपूर येते. त्यामुळे माझ्या चैनीत त्यांचा अर्धा वाटा झाला. मी आधी जरा कुरकुरले, पण मनातल्या मनात. कारण काका बोलत नसत. ऑफिसचा शर्ट बदलून, पायात स्लिपर घालून येत, "बसू ना?" असं विचारत आणि मी हो म्हणायच्या आत बसत.

ते नुसतं वाचत नाहीत, उत्तरंही देतात, हे मला फार उशिरा कळलं. मी डोकावणाऱ्यांतली नाही, पण बाक लहान आहे. ढोकळ्याच्या एका व्हिडिओखाली कुण्या बाईंनी विचारलं होतं, 'माझा ढोकळा दडस का होतो?' त्याखाली काका एका बोटाने टाइप करत होते : 'महोदया, आपल्या ढोकळ्याच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सोडा घातल्यानंतर विलंब झाल्यास ढोकळा दडस होण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी सोडा घातल्यावर तात्काळ कार्यवाही करावी.' हे उत्तर ज्या नावाने गेलं ते नाव होतं 'कार्यालयीन उपयोगासाठी'.

"काका, हे कसलं नाव?"

"मुलानं खातं उघडून दिलं. नाव काय टाकू म्हणाला. मला माझं नाव द्यायचं नव्हतं. समोर ऑफिसचं पाकीट होतं, त्यावर छापलेलं होतं ते सांगितलं."

ढोकळावाल्या बाईंचं उत्तर लगेच आलं. हात जोडल्याची चार चित्रं आणि पुढे, 'धन्यवाद साहेब. आपण कोणत्या खात्यात असता?'

आता काकांना स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही. चहासुद्धा ते काकूंना विचारून उकळतात. मग ही उत्तरं यायची कुठून? तर काका खाली बसून लिहायचे, 'सदर बाब वरिष्ठांकडे पाठविण्यात आली आहे', आणि मग मान वर करून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे हाक मारायचे, "अगं, लोणच्याला बुरशी आली तर?" वरून काकूंचा आवाज यायचा, "मीठ कमी पडलं म्हणा! आणि ओला चमचा घातला असेल!" काका मान खाली घालून ते सरकारी भाषेत उतरवायचे. माझ्या ओळखीत एवढ्या लवकर उत्तर देणारे वरिष्ठ दुसरे नाहीत.

एकदा मात्र ते अडचणीत आले. वीज गेल्याच्या बातमीखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आमच्याकडे पण नाही.' हा काही प्रश्न नव्हता, पण काकांना राहवलं नाही. त्यांनी लिहिलं, 'नोंद घेतली आहे.' त्या गृहस्थांनी काकांना वीज खात्यातले समजून आपल्या मीटरचं सगळं गाऱ्हाणं लिहून काढलं, ग्राहक क्रमांकासकट. दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. काका दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना ते स्वतः चौकशी करून आले, तक्रार कुठे नोंदवायची, सोबत काय जोडायचं, सगळं त्या माणसाला कळवलं आणि मग बाकावर येऊन "हुश्श" म्हणाले.

"कशाला पण काका? दिवसभर तेच, संध्याकाळी परत तेच?"

"प्रश्न तसाच पडलेला असतो ना ताई," ते म्हणाले. "बघवत नाही. एवढे लोक येऊन जातात, हसतात, भांडतात, पण त्या बाईला कुणी साधं हो-नाही म्हणत नाही."

"आणि ऑफिसात?" मी विचारलं. पुण्यात जन्म गेला की असे प्रश्न आपोआप तोंडातून पडतात.

काकांना राग आला नाही. "ऑफिसात मला उत्तरं माहीत नसतात," ते म्हणाले आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेले. मला माझ्या प्रश्नाची जरा लाज वाटली. मी गुहागरजवळच्या एका घराची विहीर वाचत बसले.

दिवाळी झाली आणि काकांचं वाचन एकाएकी आटलं. आटलं म्हणजे एकाच जागी थांबलं. विदर्भातल्या कुण्या बाईंनी गोळा भाताचा व्हिडिओ टाकला होता. डाळीच्या भरड्याचे तिखट गोळे करून ते शिजत्या भातात वाफवायचे आणि वरून कडकडीत फोडणी ओतून खायचं, असा तो प्रकार. मेश्राम मंडळी मूळची नागपूरकडची, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. पण काका रोज येऊन तोच व्हिडिओ उघडायला लागले, रोज त्याच्याच तळाशी जायला लागले आणि मोबाइल माझ्यापासून किंचित तिरका धरायला लागले.

बाक लहान आहे हे मी आधी सांगितलंच आहे. खाली कुणा 'उपाशी कर्वेनगरकर' याने विचारलं होतं, 'गोळे भातात फुटतात. काय चुकतंय?'

काकांनी उत्तराला विषय घातला होता. 'विषय : गोळे फुटण्याबाबत. महोदय, आपण भरडा वापरता की बेसन, याचा खुलासा करावा.'

'बेसन.'

'बेसन चालणार नाही. हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा घ्यावा. आपल्या भागात मिळत नसल्यास कळवावे.'

'मिळाला. तरी फुटले.'

'मोहन किती घातले?'

'मोहन म्हणजे?'

त्या संध्याकाळी काकांनी वर हाक मारली तेव्हा काकू गॅलरीत आधीच उभ्या होत्या. "तेल म्हणावं! कडकडीत तेल! आणि भात अर्धा शिजल्याशिवाय गोळे टाकू नको म्हणावं, नि टाकल्यावर डाव फिरवत बसू नको!" लोणच्याच्या बुरशीबद्दल सांगताना त्यांचा आवाज असा नसे. काकांनी हे सगळं टाइप केलं. मग थोडा वेळ थांबून आणखी एक ओळ घातली : 'जेवण वेळेवर होते काय?'

'होतं.'

'बाहेरचे खाणे कितपत?'

'बहुतेक रोज.'

'ही बाब गंभीर आहे.'

त्याच व्हिडिओखाली दुसऱ्या एका बाईंनी सोबतच्या चिंचेच्या सारात गूळ घालायचा का, असं विचारलं होतं. त्यांना काकांनी 'होय' एवढंच कळवलं. त्यांच्या जेवणाच्या वेळेची चौकशी केली नाही.

"हा कर्वेनगरवाला ओळखीचा दिसतो," मी म्हटलं.

"आपल्याला सगळे सारखेच," काका म्हणाले आणि मोबाइल आणखी तिरका केला.

त्या शनिवारी मी काकूंचा डबा परत द्यायला वर गेले. काकू ज्वारीचं पीठ चाळत होत्या. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "ओळखलंत ना?"

"सुमेध?"

"नाहीतर कोण!"

सुमेध म्हणजे काका-काकूंचा एकुलता एक मुलगा. बरीच वर्षं स्पर्धा परीक्षा देत होता. बापाने खिडकीवर आयुष्य काढलं, मुलाने खिडकीच्या आतल्या केबिनमध्ये बसावं, एवढीच काकांची इच्छा. गेल्या वर्षी तो दिसेनासा झाला तेव्हा मला वाटलं होतं की कामासाठी कर्वेनगरला राहायला गेला असेल. खरी गोष्ट काकूंनी चाळणी आपटत सांगितली. सुमेध एका संध्याकाळी बापापुढे बसला आणि म्हणाला, बाबा, आता परीक्षा नाही देणार. लग्नाचे व्हिडिओ जोडायचं काम शिकलोय, त्यात मन लागतं. तुमचं काय म्हणणं आहे?

"आणि यांनी काय म्हणावं?" काकू म्हणाल्या. "'तुमचा विषय लक्षात आला. निर्णय यथावकाश कळवण्यात येईल.' पोटच्या पोराला! अहो-जाहो करून!"

मला हसू आलं, ते मी गिळलं.

"आठवडाभर थांबला हो तो. रोज जेवताना यांच्या तोंडाकडे बघायचा. हे आपले वरण वाढून घेताहेत. यांना सुचतच नव्हतं काही, मला कळत होतं. हो म्हणावं तर इतकी वर्षं पाण्यात, नाही म्हणावं तर पोराचा चेहरा असा. शेवटी बॅग भरून गेला. मला रोज दुपारी फोन करतो, मी खाली जाऊन घेते. यांच्याशी बोलत नाही नि हे त्याच्याशी."

"मग गोळा भात तुम्हालाच का नाही विचारत?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. बालवाडीत शिकवण्यात त्यांची हयात गेली आहे, त्यामुळे मंद मुलांवर त्या चिडत नाहीत. "मला विचारलं असतं तर मी एका मिनिटात सांगितलं असतं ना," त्या म्हणाल्या. "त्याला मला नाहीच विचारायचं. यांचं खातं त्यानेच उघडून दिलंय. 'कार्यालयीन उपयोगासाठी' कोण आहे, हे त्याला माहीत नाही होय? ढोकळ्याखाली यांचं उत्तर बघितलं त्याने कधीतरी, आणि मग हे गोळे फोडायला लागला."

"आणि काकांना?"

"यांना वाटतं, यांनी पोराला ओळखलं आणि पोराला यांचा पत्ता नाही. खातं कुणी उघडलं, हेच विसरलेत. मी नाही सांगितलं. सांगितलं तर लाजेने लिहायचं बंद करतील. दोघंही मेश्राम आहेत. मीच काय ती बाहेरून आलेली."

मी घरी आले. त्या संध्याकाळी मी एकही घर वाचलं नाही.

यानंतर हे असंच वर्षभर चाललं असतं. उपाशी कर्वेनगरकर गोळ्यावरून साराकडे गेला असता, सारावरून आणखी कशाकडे. पण त्या व्हिडिओखाली एक नागपूरचे गृहस्थ आणि एक अमरावतीचे गृहस्थ यांच्यात गोळा भाताबरोबर चिंचेचं सार घ्यावं की ताक, यावरून वाद झाला. नागपूरकरांनी अमरावतीच्या पाण्यालाच नावं ठेवली. अमरावतीकर नागपूरकरांच्या मातोश्रींपर्यंत गेले. व्हिडिओवाल्या बाई वैतागल्या आणि त्यांनी प्रतिक्रियांची सोयच बंद करून टाकली. बंद केली की जुन्याही दिसेनाशा होतात.

गुरुवार होता. काका शर्ट न बदलता, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून बाकावर आले. बसू का, असं विचारलं नाही. मोबाइल त्यांनी आज सरळ माझ्यापुढे धरला.

"ताई, हे उघडून द्या."

मी बघितलं. "काका, हे त्या बाईंनी बंद केलंय. आपल्याला नाही उघडता येणार."

"अर्ज करता येईल का त्यांना? विनंती अर्ज. बाकी सगळं बंद ठेवा म्हणावं, एवढं एक चालू ठेवा."

लोकांना नाही म्हणण्याचा मला रोजचा सराव आहे. तरी त्या दिवशी मला ते जड गेलं. मी नुसती मान हलवली.

काका मोबाइलकडे बघत राहिले. बाईंचा हसरा चेहरा, परात, भरडा, सगळं जागेवर होतं. खाली काही नव्हतं. "काल त्याने विचारलं होतं," ते म्हणाले. "रविवारी मित्रांना जेवायला बोलावलंय, पाच माणसांना भरडा किती घेऊ? मी लिहिलं, वरिष्ठांना विचारून कळवतो. हिला विचारलं, हिने सांगितलं. म्हटलं उद्या लिहू, आज उशीर झालाय. आता तो वाट बघत असेल."

मी चहाचा कप बाकावर ठेवला.

"मागच्या वेळीही उत्तर द्यायचं राहिलं," काका म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मला द्यायचं नव्हतं असं नाही हो. मला येत नव्हतं. आता त्याला वाटेल, हा माणूस असाच आहे."

"फोन करा ना काका."

"फोन केला तर कळेल त्याला, तो मी होतो ते."

काकूंनी इतके दिवस राखलेलं गुपित मी त्या क्षणी फोडलं. दुसरा इलाज दिसला नाही. "काका, तुमचं खातं कुणी उघडून दिलं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग मोबाइलकडे. मग गळ्यातल्या ओळखपत्राकडे. एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती, ती आता येत असलेली मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसली. पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पींपीं आवाज येत राहिला.

"म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"तरी विचारत राहिला?"

"तरी."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. मग नंबर लावला आणि उठून उभे राहिले. साहेबांचा फोन आला की ते असेच उभे राहतात, असं काकू नंतर मला म्हणाल्या. पलीकडे घंटा वाजत होती ती मलाही ऐकू येत होती. ती थांबली. पलीकडून "हॅलो" आलं की नाही कोण जाणे, काकांनी ते ऐकून घेतलं नाही.

"पाच माणसांना दोन वाट्या भरडा," ते म्हणाले. "पोट्टे जास्त खाणारे असतील तर अडीच."

मग ते ऐकू लागले. मी उठून जायला हवं होतं, हे मला कळत होतं. मी उठले नाही.

"हाव," काका म्हणाले. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांच्या तोंडून हा नागपुरी 'हो' मी कधी ऐकला नव्हता. "हाव. ऐकतो ना मी, बोल तू." पुन्हा बराच वेळ ऐकणं. "काहून नाही जमणार? जमते. काम चांगलं आहे तर जमते सगळं. रात्री झोपत जा फक्त."

वरून काकूंनी सगळं पाहिलं असणार. त्या जिना उतरून आल्या, एका हाताला ओलं पीठ तसंच होतं, आणि दुसरा हात त्यांनी फोनसाठी पुढे केला. काकांनी त्यांच्याकडे पाहून होकारार्थी मान हलवली.

"हं, थांब, आईला देतो," ते फोनमध्ये म्हणाले आणि पाठ फिरवून बोलत बोलत गेटच्या दिशेने चालायला लागले. काकू हात पुढे करून मागे. गेटपर्यंत गेले, वळले, परत आले, "थांब हं, आईला देतो" असं पुन्हा म्हणाले आणि पुन्हा गेटकडे गेले. अंधार पडेपर्यंत ते आईला देतो म्हणत होते, आणि फोन काही देत नव्हते.